एकशे वीस खिळे

शाळेतल्या साडेचारशे पोरांचा मामा असलेल्या माणसाला स्वतःची एकच नात होती, आणि ती वाचायला विसरत चालली होती.

मामा म्हणजे शाळेचा शिपाई. घंटा देणं, कुलपं उघडणं, गळका नळ बंद करणं, पडलेल्या पोराच्या गुडघ्याला औषध लावणं, वर्गात शिरलेलं वटवाघूळ हुसकावणं, ही सगळी कामं त्यांच्याकडे. पोरं मामा म्हणत म्हणून शिक्षक मामा म्हणत, आणि शिक्षक म्हणत म्हणून मुख्याध्यापक, म्हणजे मोठे सर, तेही मामाच म्हणत. माणसाला असं एकदा सगळ्यांचं नातं चिकटलं की त्याला कुठलंही काम सांगता येतं आणि त्याला नाही म्हणायची सोय उरत नाही.

नातीचं घरातलं नाव मिठू. दिसेल ते मोठ्यानं वाचायची, म्हणून मिठू. दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, बसच्या तिकिटामागचे नियम. एकदा दवाखान्याच्या रांगेत तिनं भिंतीवरची मूळव्याधीची जाहिरात अशा खणखणीत आवाजात वाचली होती, की अर्धी रांग आपापल्या चपला न्याहाळू लागली. मामांना ती गोष्ट इतकी आवडायची की ऐकणाऱ्याला पाठ झाली तरी ते सांगायचे. ते स्वतः चौथीपर्यंतच शिकलेले होते. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचणारे. नात फडाफडा वाचते, यापुढे त्यांना दुसरं सुख ठाऊक नव्हतं.

मग साथ आली आणि शाळेला कुलूप लागलं. लावलं मामांनीच. पंधरा दिवसांसाठी म्हणून लावलेलं ते कुलूप दीड वर्ष राहिलं. मुलं घरी फोनवर शिकतील असं ठरलं. मामांच्या घरात फोन एक, आणि तो मिठूच्या आईबरोबर, म्हणजे मामांच्या लेकीबरोबर, सकाळी खोक्यांच्या कारखान्यात जायचा. धडे अकराला यायचे, फोन सात वाजता. तोवर मिठूचे डोळे मिटत आलेले असायचे.

एके दिवशी मामांनी तिच्यापुढे जुनं पुस्तक ठेवलं. तिनं पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीवर अडखळली, एका जोडाक्षराशी थांबली, छताकडे बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, डोळे दुखतात माझे." मामांना कळलं की डोळ्यांना काही झालेलं नाही. पोरीला लाज वाटत होती, आणि ती लाज आजोबांना दिसू नये म्हणून ती डोळे चोळत होती.

"बाबा, मी हिला महिन्याभरात सोबत घेऊन जाणारे," लेक म्हणाली. "खोक्यांचे कोपरे चिकटवायला लहान हात लागतात. बाकीच्या बायकाही आणतात पोरींना."

"आणि शाळा?"

"कुठली शाळा?" लेक म्हणाली. "तुम्ही रोज जिथे झाडू मारता ती? तिथे पाली शिकतायत सध्या."

लेकीचं चूक नव्हतं, हेच वाईट होतं. पण त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. शाळा उघडली पाहिजे. कशीही, कुणीही, पण महिन्याच्या आत.

शाळा उघडायची की नाही यावर पालकांची सभा भरली ती त्यानंतरच्या आठवड्यात. शाळेच्याच सभागृहात. खुर्च्यांमध्ये अंतर राहावं म्हणून मामांनी खडूनं फरशीवर गोल काढले होते. दहा मिनिटांत सगळ्यांनी खुर्च्या सरकवून जवळ घेतल्या, कारण लांबून भांडता येत नाही. मग चर्चेचं गुऱ्हाळ सुरू झालं. गणवेशाच्या दुकानदाराला एकाएकी मुलांच्या भवितव्याची काळजी लागली होती. एक निवृत्त साहेब, ज्यांचा नातू घरी दोन शिकवण्या लावून शिकत होता, "जीव महत्त्वाचा की धडे?" असं दर पाच मिनिटांनी उभं राहून विचारत होते. एक बाप म्हणाला, "काय वाट्टेल ते करा, पण पोराला माझ्या डोक्यावरून उतरवा." ज्यांच्या घरी चार फोन होते ते म्हणत होते की घाई कशाला. ज्यांच्या घरी एकही नव्हता ते सभेला आलेच नव्हते, कारण ते कामावर होते. त्यांच्या वतीनं बोलणारं तिथे कुणी नव्हतं, आणि जो होता तो भिंतीला टेकून पाण्याचा जग धरून उभा होता.

मोठे सर मात्र तयारीनं आले होते. कपाळावर धरायची तापाची बंदूक दाखवली. हात धुवायचं औषध पायानं दाबून येतं ते दाखवलं. जिन्यावर चिकटवलेले बाण, येणाऱ्यांसाठी हिरवे, जाणाऱ्यांसाठी लाल. वर्गवारी, पाळ्या, संमतीपत्रं. कागदी घोडे नाचवण्यात सरांचा हात धरणारा कुणी नव्हता. सभा हळूहळू त्यांच्याकडे झुकू लागली.

तेव्हा गणिताच्या बाई उठल्या.

बाई या शाळेत नव्या होत्या. साथीच्या आधी जेमतेम चार महिने आलेल्या, आणि त्यांचा वर्ग मागच्या, मैदानाकडच्या इमारतीत. चाळिशीच्या, अविवाहित, घरी म्हातारी आई. बंदच्या काळात ज्या मुलांकडे फोन नव्हता त्यांच्या दारापर्यंत त्या चालत गेल्या होत्या. मामांच्याही दारात दोनदा आल्या होत्या. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी मिठूला भागाकार शिकवला होता, आणि निघताना मामांना म्हणाल्या होत्या, "मामा, ही पोर हुशार आहे. हिला हातची जाऊ देऊ नका."

"शाळा उघडलीच पाहिजे," बाई सभेत म्हणाल्या. "मी मुलांना बघून आले आहे. पण सर, बाण आणि बंदुका ठीक आहेत, त्यानं हवा बदलत नाही. मला फक्त एक सांगा. आता मुलं रस्त्याकडच्या पाच वर्गांतही बसणार. तिथल्या खिडक्या उघडतात का?"

जुन्या सहा-सात शिक्षकांनी एकदम खाली बघितलं. कुणाला बुटाची नाडी सापडली, कुणाला पिशवीतलं काहीतरी. मोठ्या सरांनी घसा साफ केला आणि मान भिंतीकडे वळवली.

"मामा, उघडतात ना खिडक्या?"

रस्त्याकडच्या खिडक्या उघडत नव्हत्या. अकरा वर्षं उघडत नव्हत्या. तिथे शेवटच्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेचं केंद्र असायचं, आणि परीक्षेच्या दिवसांत रस्त्यावर भाऊ, मेहुणे, शिकवणीचे मास्तर अशी झुंबड उडायची. काठीला बांधून उत्तरांच्या चिठ्ठ्या खिडकीतून आत यायच्या. एका वर्षी तर शिडी लावून एक मामेभाऊ थेट आत आला आणि बसून पेपर लिहू लागला. त्या वर्षी केंद्र रद्द होता होता वाचलं. मोठ्या सरांनी मामांना बोलावलं आणि म्हणाले, "कायमचा बंदोबस्त करा." मामांनी केला. पाच वर्ग, वर्गाला सहा खिडक्या, खिडकीला दोन दारं, दाराला दोन खिळे. एकशे वीस. तीन इंची. आणि मामांचं काम म्हणजे असं तसं नाही. खिळ्याचं डोकं लाकडात पार बुडवायचं, वर लुकण भरायचं, घासायचं, रंग द्यायचा. हात फिरवला तरी कळू नये. पुढच्याच वर्षी केंद्राला कॉपीमुक्त म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं. ते सरांच्या खुर्चीमागे काचेत लावलेलं आहे. मामा रोज त्याच्यावरची धूळ पुसायचे, आणि पुसताना त्यांना जरा बरंच वाटायचं.

तर सगळं सभागृह मामांकडे बघत होतं. नाही म्हणावं, तर शाळा लांबणार. साहेब उठून उभे राहणार, समिती नेमणार, पाहणी होणार, महिना जाणार. मामांच्या डोळ्यांपुढे छताकडे बघणारी मिठू आली. शाळा उघडेपर्यंत खिळे काढता येतील, दोन रविवार तर लागतील, असा हिशेबही त्यांनी त्या एका क्षणात मांडला. खोटं बोलणारा प्रत्येक सज्जन माणूस असाच एक हिशेब मांडतो.

"उघडतात," मामा म्हणाले.

बाई हसल्या. "मग माझी काही हरकत नाही," म्हणाल्या आणि बसल्या. त्यांच्या बोलण्यानं डळमळणारे पालकही वळले, आणि शाळा उघडायचं ठरलं.

पहिल्याच रविवारी मामा हातोडी घेऊन शाळेत गेले, तर मोठे सर दारातच भेटले.

"काय मामा?"

"खिळे काढतो सर. बाई म्हणाल्या ना."

"अहो, वेडे का खुळे?" सर म्हणाले. "दोन महिन्यांवर परीक्षा आली. आज काढा, तेव्हा परत मारा? आणि चौकटी कुजल्यात. दार निखळून पोराच्या डोक्यात पडलं म्हणजे? दारं उघडी ठेवू वर्गांची. परीक्षा होऊ दे, मग बघू."

मामांनी हातोडी पिशवीत घातली. सर सांगतात म्हणजे त्यांनी विचार केला असेल, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्यांना सुटल्यासारखं वाटलं. आता ते पाप एकट्याचं राहिलं नव्हतं.

शाळा उघडली. मामांनी दीड वर्षानं घंटा दिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मिठू फाटकातून आत धावली आणि धावता धावता जिन्यावरचा बाण वाचून ओरडली, "फक्त वर जाण्यासाठी!" मामांना वाटलं, झालं ते चांगलंच झालं.

बाईंना रस्त्याकडचा तिसरा वर्ग मिळाला. मिठूचाच. पहिल्या तासालाच त्यांनी खिडकीची कडी काढली आणि दार ढकललं. हललं नाही. दुसरं ढकललं. मग दारात येऊन हाक मारली.

"मामा, अहो, या उघडत नाहीयेत."

"दीड वर्ष बंद होत्या ना बाई. लाकूड फुगलंय," मामा म्हणाले. "रविवारी बघतो."

"नक्की ना?"

"नक्की."

रविवार आला आणि गेला. बाई सोमवारी विचारायच्या, मामा रविवार सांगायचे. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी वर्गाची मांडणीच बदलली. दारातून थोडी हवा यायची, म्हणून सगळे बाक दाराकडे ओढले आणि स्वतःचं टेबल पार आत, खिडकीच्या कोपऱ्यात नेलं. "माझी खिडकी मामा उघडून देणारच आहेत," त्या मुलांना म्हणाल्या. मिठूनं घरी येऊन हे कौतुकानं सांगितलं. मामांचा घास तोंडातच फिरत राहिला.

बाहेर थंडी होती. आत तीस पोरांच्या श्वासांनी काचांवर वाफ धरायची आणि मुलं तिच्यावर बोटांनी गणितं सोडवायची. मिठू महिन्याच्या आत पुन्हा पुस्तक वाचू लागली. अडखळत, पण वाचू लागली. लेकीनं कारखान्याचा विषय काढणं सोडलं.

चौथ्या आठवड्यात रस्त्याकडचे दोन शिक्षक आजारी पडले, मग बाई. सात-आठ मुलांना ताप आला, मिठूलाही आला. दोन दिवसांत उतरला. शिक्षक बरे झाले. बाईंच्या आईलाही, बाईंना दवाखान्यात नेल्यानंतर तीन दिवसांनी, बारीकसा ताप आला आणि गेला. बाईंचा गेला नाही. नवव्या दिवशी, शनिवारी दुपारी, मोठ्या सरांनी मामांना बोलावून सांगितलं, "घंटा द्या. शाळा सोडून द्या. गणिताच्या बाई गेल्या."

मामांनी घंटा दिली. किती ठोके दिले ते त्यांना आठवत नाही. पोरं सुट्टी मिळाली म्हणून ओरडत पळाली.

रविवारी सकाळी सहाला मामा शाळेत पोचले. कुणाला विचारलं नाही. तिसऱ्या वर्गापासून सुरुवात केली. बाईंच्या टेबलामागची खिडकी आधी. लुकण खरवडलं, खिळ्याचं डोकं उघडं केलं, हातोडीच्या दुभंगलेल्या टोकात धरलं आणि रेटलं. अकरा वर्षांचा गंजलेला खिळा बाहेर येताना असा कर्कश ओरडतो की दात आंबतात. असे एकशे वीस. दुपारी हाताला फोड आले, मग फुटले. मामा थांबले नाहीत. काढलेला प्रत्येक खिळा बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात टाकत गेले. चौकटी कुजलेल्या नव्हत्या. एकही दार निखळलं नाही. नऊ तासांचं काम होतं ते. एका रविवारचं.

आणि मग मामांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी केली नसती. खिळ्यांच्या जागी एकशे वीस डोळ्यांसारखी भोकं दिसत होती. मामांना आयुष्यात कधी उघडं भोक सोडून जाता आलेलं नाही. हाताला सवयच नव्हती. त्यांनी लुकण मळलं, एकेक भोक भरलं, घासलं, उरलेला राखाडी रंग काढून वर हात दिला. बिजागऱ्यांना तेल घातलं. संध्याकाळी साठही दारं बोटानं ढकलली तरी उघडत होती. वारा आत आला आणि फळ्याच्या कोपऱ्यात बाईंनी आजारी पडायच्या आधी कधीतरी लिहिलेल्या भागाकारावरची खडूची धूळ उडाली. मामा बाईंच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि हमसून हमसून रडले.

सोमवारी शिक्षक संघटनेच्या मागणीवरून चौकशीला तीन साहेब आले.

मामांना याची काहीच कल्पना नव्हती. मोठ्या सरांना होती. ते सकाळी लवकर, तोंडचं पाणी पळालेल्या अवस्थेत, रस्त्याकडच्या मजल्यावर चढले, आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या बघून जागच्या जागी थांबले. एका चौकटीवरून त्यांनी बोट फिरवलं. हाताला काही लागलं नाही. मग ते मामांजवळ आले, आणि त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मामा," ते हळूच म्हणाले, "शाळेची अब्रू राखलीत तुम्ही."

मामांना तेव्हा समजलं आपण काय करून बसलो ते. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, हे त्यांनी आजवर नुसतं ऐकलं होतं.

साहेब वर्गावर्गांतून फिरले. वाऱ्यानं त्यांच्या हातातले कागद फडफडत होते, एकदा तर एक कागद उडाला आणि मामांनीच पळत जाऊन आणून दिला. "उत्तम वायुवीजन," मोठे साहेब म्हणाले आणि लिहिलं. शिक्षकांना विचारलं. शिक्षक म्हणाले, आम्ही आपले शिकवण्यात असतो. सगळे मूग गिळून बसले. कुणाची बदली अडकली होती, कुणाची बढती. मग साहेब मामांकडे वळले.

"खिडक्या अशाच उघड्या असतात ना रोज?"

मोठ्या सरांचा हात पुन्हा मामांच्या खांद्यावर आला होता. खालच्या मैदानात मुलं कवायत करत होती, त्यांत मिठूचा आवाज मामांना वेगळा ऐकू येत होता. आकडे मोजत होती ती. खरं सांगितलं तर शाळा आजच बंद होणार. पुन्हा कुलूप, पुन्हा ते आपणच लावायचं. आणि खिळे कुणी मारले, सभेत कोण काय बोललं, हे सगळं निघणार.

"हो साहेब," मामा म्हणाले.

या वेळी मात्र त्यांच्याकडे कुठलाही हिशेब नव्हता. नुसती भीती होती.

दोन आठवड्यांनी अहवाल आला. शाळेत संसर्ग होण्यासारखी परिस्थिती आढळली नाही. शिक्षिकेच्या घरी वयस्कर आई असून तीही याच सुमारास आजारी होती. ती डोळ्यांच्या औषधासाठी बाहेर ये-जा करत असे. संसर्ग घरातून झाला असण्याची दाट शक्यता आहे. मोठ्या सरांनी अहवाल शिक्षकांना वाचून दाखवला. कुणाचा ताप आधी आणि कुणाचा नंतर, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी सुस्कारा सोडला आणि चहा मागवला. चहा मामांनी आणला.

त्याच आठवड्यात बाईंची आई शाळेत आली, मुलीच्या कपाटातलं सामान न्यायला. बारीक चणीची, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई. सरांनी दोन शब्द सांत्वनाचे बोलून तिला मामांच्या हवाली केलं. कपाटात फारसं काही नव्हतं. एक लोकरीचं जाकीट, पट्टी, रंगीत खडूंची पेटी, मुलांच्या तपासायच्या राहिलेल्या वह्या. आईंनी वर्ग बघायला मागितला. मामा त्यांना तिसऱ्या वर्गात घेऊन गेले. त्या लेकीच्या खुर्चीत बसल्या. खिडकीतून वारा येत होता, त्यांचे पांढरे केस उडत होते.

"किती मोकळी हवा आहे इथे," त्या म्हणाल्या. "इथे बसून कशाला काय झालं असतं तिला."

मामांनी वाऱ्यानं आपटू लागलेलं खिडकीचं दार धरून ठेवलं.

"त्यांनी कागद पाठवलाय घरी. मीच आणलं ते घरात. दोन थेंब औषधासाठी गेले होते हो, दोन थेंब." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मला वाटत होतं, मला ताप तिच्यानंतर आला. पण एवढे शिकलेले लोक लिहितात म्हणजे माझीच चूक होत असेल. वय झालं आता. मीच मारलं माझ्या पोरीला."

मामांनी सामान भरलेलं खोकं उचललं. "खोकं मी घेतो," एवढंच ते म्हणाले. पण निघताना ते स्वतःच्या खोलीत गेले आणि बिस्किटांचा डबाही पिशवीत घालून घेतला.

आईंचं घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर. आत शिरताच थंड वारा अंगावर आला. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. आई घरात शाल पांघरून वावरत होत्या. "तिनं पहिल्या दिवसापासून लावू दिल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "मी कुडकुडायचे, भांडायचे. म्हणायची, आई, थंडीनं कुणी मरत नाही. आता लावायचा हात होत नाही माझा."

मामांनी खोकं टेबलावर ठेवलं. मग पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि जमिनीवर उपडा केला. गंजलेले, वाकडे खिळे फरशीवर पसरले.

"आई," मामा म्हणाले, "हे त्या खिडक्यांचे आहेत. एकशे वीस आहेत. अकरा वर्षांपूर्वी मी मारले. बाई होत्या तोवर एकही खिडकी उघडत नव्हती. त्यांनी भर सभेत विचारलं, मी खोटं सांगितलं. दर सोमवारी विचारायच्या, दर सोमवारी मी खोटं सांगितलं. त्या गेल्यावर काढले मी. साहेब आले त्याच्या आदल्या दिवशी. भोकंसुद्धा मीच बुजवली. तुमच्यामुळे नाही झालं काही. माझ्यामुळे झालं."

एका दमात बोलले. आयुष्यात इतकं सलग ते कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर ते उभे राहिले आणि वाट बघू लागले. शिव्या, किंकाळी, कानफटात, जे येईल ते. त्यासाठीच तर ते आले होते.

आईंनी खिळ्यांकडे बघितलं. मग मामांच्या हातांकडे, त्यावरच्या सुकलेल्या फोडांकडे. मग त्या जवळ आल्या आणि त्यांनी मामांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही फार चांगले आहात, मामा," त्या म्हणाल्या. "ती म्हणायचीच. म्हणायची, आमच्या शाळेत एकच माणूस आहे, ज्याच्या शब्दावर विसंबता येतं."

"आई, मी खरं सांगतोय."

"म्हातारीचं मन हलकं करायला इतक्या लांब आलात. एवढे खिळे गोळा केलेत. सख्खा भाऊ असता तरी केलं नसतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पण मी आत्ता बघून आले ना त्या खिडक्या. माझे डोळे अधू आहेत, पण वारा कळतो हो मला."

मामा बोलत राहिले. लुकणाबद्दल सांगितलं, रंगाबद्दल सांगितलं, सरांबद्दल, परीक्षेबद्दल. जितकं सांगत गेले तितकं ते कहाणी रचल्यासारखं वाटत गेलं, त्यांचं त्यांनाच. आई ऐकत होत्या, मान हलवत होत्या, मायेनं बघत होत्या. लहान मुलानं दुसऱ्याचा आळ स्वतःवर घेतला की मोठी माणसं बघतात तसं. शेवटी मामांचे शब्द संपले.

आईंनी टेबलावरच्या खोक्यातून एक वही काढली. "तुमच्या नातीची आहे बहुतेक. ती फार बोलायची हिच्याबद्दल." वहीच्या वरच्या पानावर लाल शाईत बाईंचं अक्षर होतं. मामांनी बोट ठेवून वाचलं. 'छान. अशीच वाचत राहा.'

"आता हे उचला, मामा," आई खिळ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मला नीट दिसत नाही. माझ्या पायात जातील."

मामा गुडघ्यांवर बसले आणि एकेक खिळा वेचून डब्यात टाकू लागले. आई शाल घट्ट ओढून बाजूला उभ्या होत्या, आणि कपाटाखाली गेलेले खिळे त्यांना काठीच्या टोकानं सरकवून देत होत्या.